बदलीचा भत्ता

“पलटण दर तीन वर्षांनी हिचं घर हलवते, वर भत्ताही देते. तो जातो कुठं? हिच्या माहेरी!” थोरल्या जावेने सासूबाईंच्या कानात ओतलेले हे शब्द अनसूयेच्या काळजात बावीस वर्षं रुतून होते. सासूबाई डोळे मिटेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायल्या नव्हत्या.

आज जावेचंच घर हलत होतं. भाऊजींच्या कचेरीने त्यांना पहिल्यांदाच लांब, चंद्रपूरला धाडलं होतं. जावेने काचेच्या बरण्यांवर पाटा ठेवलेला पाहून भाऊजींनी अनसूयेला बोलावलं. नऊ बदल्या केलेली बाई ती. तिने बरण्या जुन्या लुगड्यांत निजवल्या, पलटणीच्या रीतीने पेट्यांवर आकडे रंगवले, दोरीची शेवटची गाठ आवळली.

टेम्पोभोवती आळीतल्या बाया जमल्या. जाऊ तोऱ्यात म्हणाली, “आम्हांला फौजवाल्यांपेक्षा जास्त भत्ता मिळालाय, बरं का! पण आमचा पैसा घरातच राहतो हो.”

भाऊजींनी मान खाली घातली. सुभेदार नवऱ्याला दिलेल्या शब्दाखातर अनसूया इतकी वर्षं गप्प होती. गेल्या माघात सुभेदार गेले.

तिने पदराला हात पुसले.

“आमचाही घरातच राहिला, जाऊबाई. तुमच्या घरात. भाऊजींनी कचेरीची रक्कम खाल्ली होती. त्या सालचा अख्खा भत्ता भरून ह्यांनी त्यांची नोकरी वाचवली. विचारा त्यांना. इथंच, सगळ्यांदेखत विचारा.”