आशीर्वादाचं पाणी

फादर मेतोदींनी नदीत क्रूस टाकला तेव्हा त्याला लाल फीत बांधलेली होती. क्रूस पाण्याला टेकला न टेकला तोच फादरांनी फीत ओढून तो परत हातात घेतला.

"हे काय?" वेलिका आजीनं शेजारच्या गिनाला विचारलं. "उड्या मारणारे कुठे गेले?"

"थंडी केवढी आहे, आजी."

"बाप्तिस्म्याच्या सणाला थंडी नाही तर काय ऊन असणार? आमचे हे बर्फ फोडून उतरायचे, नि क्रूस दातात धरून वर यायचे."

गिना हसली, पण तिची नजर आजीच्या मुलाकडे गेली. मिन्को पलीकडे उभा होता, मेंढीच्या कातड्याची टोपी कानांवर ओढून. गावातला चीजचा कारखाना त्याचा. चर्चवरचं नवं छप्परही त्यानंच घालून दिलेलं.

आजी दोन हिवाळे प्लोव्हदिव्ह शहरात लेकीकडे राहून कालच गावी परतली होती. मनात आलेला प्रश्न विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि आज तर प्रश्नच प्रश्न होते. आशीर्वादाचं पाणी घरी न्यायला लोक बाटल्या घेऊन आले होते, पण नदीकडे कुणीच वाकत नव्हतं. चर्चच्या अंगणात नळाच्या पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं आणि रांग तिथे लागली होती.

"आशीर्वाद नदीला, नि पाणी नळाचं? हे कधीपासून?"

गिना हातमोज्याचा सुटलेला धागा बघत बसली.

मग आजी स्वतःच काठ उतरली, एका हातानं वाळक्या झुडपांना धरत. दगडांवर शेवाळासारख्या राखाडी बुळबुळीत झिपऱ्या लोंबत होत्या. न धुतलेल्या दुधाच्या भांड्यासारखा आंबूस वास येत होता. तिनं बाटली भरली आणि उजेडात धरली. पाणी गढूळ होतं. असेना. आशीर्वादाचं पाणी कधी कुणाला बाधलंय? तिनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि बाटली तोंडाला लावायला उचलली.

"आई! नको!"

मिन्को एवढ्या मोठ्यानं ओरडला की पिंपापाशीची रांगसुद्धा वळली.

"का रे?" आजीनं विचारलं.

"गार आहे. घसा धरेल."

"एवढंच ना? मग धरू दे."

तिनं बाटली पुन्हा उचलली. मिन्को धावत खाली आला, घोटाभर पाण्यात उतरला आणि त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. काठावर फादर लाल फीत गुंडाळू लागले.

आजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची नजर नदीच्या वरच्या अंगाला गेली. कारखान्याच्या भिंतीतून एक जाड नळी बाहेर आली होती आणि तिच्यातून पांढुरकं पाणी वाफाळत नदीत पडत होतं. तिनं बाटलीला बूच लावलं.

घरी आल्यावर तिनं ती बाटली देव्हाऱ्यातल्या मरियेच्या चित्राखाली, दिव्याजवळ ठेवली. मग जेवायला बसली. सणाचं जेवण होतं, कोबीच्या पानांत बांधलेलं डुकराचं मटण. आजी चवीनं जेवत होती. मिन्कोच्या घशाखाली काही उतरेना.

"आई, ते ओतून टाकू का?"

"आशीर्वादाचं पाणी मोरीत नाही ओतत, झाडाच्या मुळाशी ओततात. अंगणात तुझ्या बाबांनी लावलेली आलुबुखारं आहेत. कुठल्या झाडाला घालायचं ते तूच ठरव."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो कुठलं झाड निवडतो, याचं तिला खरंच कुतूहल होतं.

मिन्को बाटली घेऊन बाहेर गेला. आजीनं पडदा किंचित सरकवला. तो पहिल्या झाडापाशी थांबला. मग दुसऱ्या. तिसऱ्याच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग कुंपणापर्यंत गेला, तिथून परत फिरला.

आत आला तेव्हा बाटली भरलेलीच होती. त्यानं ती होती तिथे ठेवली आणि फोन उचलला.

"पेको, तुझं खोदायचं यंत्र मोकळं आहे? ... माहीत आहे रे, सण आहे. मला नळी आजच बंद करायचीय. कारखान्यामागे खड्डा खणून टाकी बसवू, घाण पाणी तिच्यात सोडू. ... नाही, उद्या नाही. ये तू."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. आजीनं त्याचं गार झालेलं ताट उचललं आणि त्यात गरम वाढून आणलं.

"आता जेव," ती म्हणाली. "आणि मला सांग, खड्डा किती खोल खणायचा?"