शंभर टक्के हजेरी

“जूनपासून रेकॉर्डिंगच चालवू, मॅडम. कोणाला फरक पडतो?” जिनेशशेठ म्हणाले.

जळगावच्या त्यांच्या ऑनलाइन अभ्यासकेंद्रात मोहिनी दोन वर्षं बी.ए.ला इतिहास शिकवत होती, तासिका तत्त्वावर. तिचा प्रत्येक तास शेठनी साठवून ठेवला होता. आता तेच फिरवायचे म्हटल्यावर ती कशाला हवी? गरज सरो, वैद्य मरो.

“विद्यार्थ्यांना पडतो,” मोहिनी म्हणाली.

“कॅमेरे सगळ्यांचे बंद. प्रश्न कोणी विचारत नाही. तुमचं कोणी ऐकतं हे तुम्हाला तरी कसं कळतं?” शेठनी हजेरीची यादी तिच्यापुढे सरकवली. तसा माणूस वाईट नव्हता, फक्त व्यापारी होता. “असं करा, एक विद्यार्थी आणा. एकच. माझ्यासमोर बसून म्हणू दे की मी मॅडमचं ऐकतो. तुमचे तास चालू.”

मोहिनी ती यादी घेऊन घरी आली. निम्मी यादी लाल. फक्त एका गावाची हजेरी शंभर टक्के, साक्रीच्या पलीकडे डोंगरात. अकरा मुलं.

आणि ही हजेरी खोटी असायची सोयच नव्हती. केंद्राचं नवं ॲप भारी खमकं होतं. फोनचा आवाज अर्ध्याखाली नेला की गैरहजेरी. वर दर दहा मिनिटांनी ‘मी ऐकत आहे’ असं हिरवं बटण यायचं, ते दाबलं नाही तर अख्खा तास बाद. त्या अकरांनी वर्षभरात एकही बटण चुकवलं नव्हतं. दोन वर्षं काळ्या चौकटींशी बोलून मोहिनीचा जीव विटला होता. यादी बघून तिला भरून आलं.

शनिवारी तिने एसटी धरली. जळगाव ते धुळे, धुळे ते साक्री, पुढे काळीपिवळी. गावात निम्म्या घरांना कुलपं होती. पायथ्याच्या झोपडीपुढे खाज्या नावाचा माणूस दोर वळत बसला होता.

“कॉलेजनी पोरे? वर जा. रेंज तठेच शे,” त्याने डोंगराकडे हात केला. “बठ्ठासना तास तठेच व्हतस.”

सगळ्यांचे तास तिथेच, म्हणजे मुलंही तिथेच! मोहिनी धापा टाकत चढली. वाटेतच अर्थशास्त्राच्या सरांचा आवाज कानावर आला आणि तिची पावलं आपोआप भरभर पडू लागली. झाडाखाली बसलेली अकरा पोरं तिला मनातल्या मनात दिसायलाही लागली होती.

वर एक म्हातारी होती आणि चार शेळ्या. सपाट दगडावर अकरा फोन ओळीने मांडलेले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. अकराही फोनमधून सर बोलत होते, प्रत्येकातून किंचित मागेपुढे. मोहिनीचे कान किटले. म्हातारी मात्र मधोमध मांडी घालून मोहाची फुलं निवडत होती.

“आजी, मुलं कुठं आहेत?” मोहिनी ओरडली.

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग एकदम खुलली. “तू! मोबाईलमधली माय ना तू? बठ, बठ!”

मोहिनीने फोनांकडे बोट दाखवलं.

“पोरेसना फोन शेतस. त्या गयात गुजरातमा, ऊस तोडाले. हजेरी लागनी तर शिष्यवृत्ती भेटस ना, माय.”

तेवढ्यात हिरवी बटणं उजळली. म्हातारीने अंगठ्याने अकराही दाबली, एकामागून एक, कांदे मोजावेत तशी.

मोहिनी मट्‌कन खाली बसली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर इथे घडासुद्धा नव्हता. तिला शेठचा राग आला, पोरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

म्हातारीने तिचा हात हातात घेतला. “रोज तुले देखस मी. तू हासस, हात हलावस. तेवढीच सोबत. एक दिन तू रडनी व्हती. मीबी रडनू तुनासंगे.”

मोहिनी चमकली. डिसेंबरात दुष्काळाचा धडा घेताना तिचे डोळे खरंच वाहिले होते. एकाही विद्यार्थ्याने विचारलं नव्हतं, मॅडम, काय झालं? आणि इथे, डोंगरावर, या बाईला ते आठवत होतं!

“रोज ऐकता ना आजी, माझा तास?” तिने गलक्यातून जोरात विचारलं.

म्हातारीने मनापासून मान डोलावली. मोहिनीने ते मोबाईलवर टिपून घेतलं. दुधाची तहान ताकावर, पण ताक तर मिळालं. प्रवेशाला वयाची अट नव्हती. ती या आजींना नाव नोंदवून शेठपुढे उभं करणार होती. आता बोला म्हणावं, कोणाला फरक पडतो!

उतरताना तिला पायांचं भान नव्हतं. खाज्या अजून दोरच वळत होता.

“भाऊ, त्या वरच्या आजींना सोमवारी जळगावला न्यायचंय. वर्षभर माझा तास ऐकतात, एवढंच आमच्या शेठना सांगायचं. येतील ना?”

खाज्याचे हात थांबले.

“कोन, नानीबाई? तिले वीस वरीसफाईन काहीच ऐकू येत नही, बाई. म्हनीसन तर बठ्ठा फोन तिनाजोडे. अकरा फोननी कटकट दुसरं कोन सहन करी?”