सुलतानची बिस्किटं

ओव्हनचं झाकण उचललं आणि स्वयंपाकघरात पुदिन्याचा वास पसरला.

"अजून ओली हाईत," गौराबाईंनी एक बिस्किट बोटानं दाबून पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. जुनी गोष्ट, त्यांचा नवरा असतानाची. "ऱ्हाऊ दे थोडी."

त्यांच्या सुनेनं, महेश्वरीनं, झाकण परत लावलं. गोल, अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन. केक करशील म्हणून मामीनं रुखवतात दिलेला, लग्नापासून खोक्यातच होता. बाहेर निघाला तो कुत्र्यासाठी.

कुत्र्याचं नाव सुलतान. तिच्या नवऱ्यानं, विरेशनं पाळलेला, काळा, दांडगा. दूधवाल्यावर भुंकायचा नाही, पाहुण्यांवर भुंकायचा नाही. महेश्वरी अंगणातल्या हौदापर्यंत गेली तरी गप्प. हौद ओलांडून तिनं फाटकाकडं पाऊल टाकलं की मात्र अख्खी गल्ली जागी होईल असा भुंकायचा. मग आतून विरेश यायचा.

"त्याला कळतंय, परकं कोण ते," तो हसून सांगायचा. "आधी या घरची हो. सुलतान भुंकायचा थांबला, की माहेरला पाठवतो."

पहिल्यांदा तीही हसली होती. मग पंचमी गेली, दिवाळी गेली. तिचा फोन विरेशच्या खिशात असायचा. तिचं माहेर आळंदला, सास्तूरच्या या घरापासून फार लांब नाही, पण आईचा चेहरा आठवायला तिला आता डोळे मिटावे लागायचे.

बिस्किटांची कल्पना गौराबाईंची. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, किसलेलं गाजर, वर पुदिना, तुळस आणि बडीशेप वाटून.

"हे काय करायलाव, गौराक्का?" शेजारच्या हरणाबाई दारातनंच म्हणाल्या. "मटणाचा तुकडा टाका की. एका दिवसात सोयरा होतंय कुत्रं."

"आमच्या चुलीवर चालत न्हाय, माहीत हाय की तुमाला."

"मग पाला चारा. कुत्रं हाय का शेळी?"

हसता हसता हरणाबाईंची नजर महेश्वरीच्या मनगटावर गेली. "ह्ये काय झालं ग?"

"ओव्हन लागला," गौराबाईंनीच सांगून टाकलं.

भाजल्यावर असं निळं पडत नाही, हे हरणाबाईंना काय कळत नव्हतं? त्यांनी एक बिस्किट उचललं, हुंगलं आणि सरळ तोंडात टाकलं. "मीठ न्हाय व्हय ह्यात?" एवढंच म्हणाल्या.

रोज दुपारी जेवणं झाली की विरेश पंख्याखाली आडवा व्हायचा. त्याच वेळी गौराबाई पायरीवर सूप घेऊन बसायच्या आणि सुनेला अंगणात उभं करायच्या. आधी हौदाजवळ. मग हौदाच्या पलीकडं. मग फाटकाशी.

"भुंकला की द्यायचं न्हाय. गप बसला की द्यायचं."

सुरुवातीला विरेश रोज उठून यायचा. "अव्वा, कुत्र्याला केक चारून बायको घरची व्हतीय व्हय?"

"व्हतीय. तू झोप."

महेश्वरी सांगितलं तेवढं करायची. उभी रहा म्हटलं की उभी. कर म्हटलं की कर. तळहातावर कुत्र्याची ओली जीभ लागायची, तेवढंच काहीतरी लागायचं अंगाला.

"आता कडी वाजव," एक दिवस गौराबाई म्हणाल्या. "अशी चोरावानी न्हाय. नेहमीसारखी वाजव."

कडी वाजली. फाटक करकरलं. सुलताननं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि शेपटी हलवली. आत विरेश घोरत होता.

महेश्वरीनं सुलतानपुढं बिस्किट धरलं. कुत्रं खात असताना तिला आळंदच्या घरातला झोपाळा दिसला, डोळे न मिटता.

रात्रीच्या जेवणाला विरेशनं विचारलं, "काय म्हणतोय आमचा सुलतान? झाली का ओळख?"

महेश्वरीचा हात ताटावर थांबला.

"कुठली ओळख!" गौराबाई भाकरी थापत होत्या. "आज तर अंगावर धावून गेला हिच्या. मेलं बेइमान कुत्रं."

"मग म्या काय म्हणत होतो?" विरेश खूश झाला. "ऱ्हाऊ दे आता माहेर."

महेश्वरीनं सासूकडं पाहिलं. गौराबाईंनी मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. महेश्वरीला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. ती उठली आणि भांडी घासायला बसली. शेवटी त्याचीच आई.

दुसऱ्या दिवशी गौराबाई म्हणाल्या, "आज जरा जास्त कर बिस्किटं."

तिनं केली. का, हे विचारलं नाही.

दुपारी विरेश घोरायला लागला. गौराबाई आज पायरीवर न बसता फाटकाशी बसल्या, सुलतानचं डोकं मांडीवर घेऊन. त्याला एकामागून एक बिस्किट चारत राहिल्या.

"कडी काढ."

पुन्हा तोच खेळ, असं समजून महेश्वरीनं कडी काढली. सुलतान चघळत राहिला.

"जा. नाक्यावर उमाशंकर गाडी घिऊन थांबलाय. हरणाक्काच्या फोनवरनं बोलिवलाय तुझ्या भावाला म्या."

महेश्वरीला नीट कळेना. "माहेरला?" तिनं पदर सावरला. "त्यांना तर काल तुम्हीच... अव्वा, परत कधी येऊ?"

"परत यायसाठी शिकिवलं न्हाय कुत्र्याला," गौराबाई म्हणाल्या आणि तिला बाहेर घालवून त्यांनी आतून कडी लावून घेतली.