सुभद्राबाईंची अडलेली हाक

“हे गणराज!” सुभद्राबाईंनी खणखणीत हाक मारली. “हे प्रभावति!” तीही बिनचूक. पुढची पाळी वर्गातल्याच सोपानरावांना हाक मारायची. तिथं त्या अडल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “अहो!”

विरंगुळा केंद्राचा हॉल हसला. ऋता मात्र बुचकळ्यात पडली. निगडीच्या या केंद्रात ज्येष्ठांना संस्कृत शिकवताना संबोधन हा तिचा लाडका धडा. हाक मारायची म्हणून नावाला वेगळं रूप द्यायचं, हे लॅटिन आणि ग्रीकवाल्यांनाही सुचलं होतं, असं ती दर वेळी कौतुकानं सांगे. पण हाकच अडली तर काय करायचं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

“मावशी, नाव घ्या ना.”

“न्हाई घेता यायचं, मॅडम.” देहूरोडहून येणाऱ्या सुभद्राबाई खाली बघत म्हणाल्या, “घरातलं नाव हाय.”

ऋताच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मावशींच्या कपाळावर टिकली होती, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. दोघं वेगवेगळ्या बसनं यायची, हॉलच्या दोन टोकांना बसायची आणि सोपानराव चोरून तिकडेच बघायचे. म्हणजे हे नवरा-बायको! भांडून वेगळे राहत असणार. या वयात एकेकट्यानं जेवायचं, या विचारानं तिला भडभडून आलं. यांना एकत्र आणायचंच, तिनं ठरवून टाकलं.

वर्ग सुटल्यावर तिनं सोपानरावांना गाठलं. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेला, तीन शिफ्टपलीकडे जगाशी फारसा संबंध न आलेला सरळ माणूस.

“काका, किती दिवस असं लांबून बघणार?”

त्यांचे कान लाल झाले. “तुमच्या ध्यानात आलं व्हय?”

“आलं. घर रिकामंच आहे ना? मग न्या त्यांना.”

“आता? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं सोडा हो. तुम्ही विचारा तरी.”

सोपानरावांनी खिशातला कंगवा काढून केस सारखे केले. मग कॉलर नीट करून बसस्टॉपकडे निघाले. ऋता घरी गेली ती मोडका संसार सांधल्याच्या आनंदात.

पुढच्या वर्गाला सुभद्राबाई सगळ्यांच्या आधी हजर. चेहरा गोरामोरा.

“मॅडम, त्यांना तुमी धाडलं व्हतं?”

“हो. मावशी, झालं गेलं विसरा आता. नवऱ्यावर किती दिवस राग धरायचा?”

“कुठला नवरा?” सुभद्राबाईंनी विचारलं. “आमचे मालक जाऊन लई वर्सं झाली. त्यांचं बी ह्येच नाव व्हतं, म्हणून माझ्या तोंडातून निघंना. ह्या गृहस्थांची वळख तर तुमच्याच वर्गातली.”

ऋतानं कपाळाला हात लावला. आपण एका परक्या माणसाला या बाईंच्या मागं पाठवलं! “मावशी, चुकलंच माझं. मी आत्ता काकांना सांगते की...”

“काय बी सांगू नगा,” पदराचं टोक बोटाला गुंडाळत सुभद्राबाई म्हणाल्या. “फकस्त मला ते नाव घ्यायला लावू नगा. आता तर मुळीच न्हाई घेता यायचं.”