टिटवीसाठी

"मावशी, बाजूला व्हा! भरती लागलीय, उशीर झाला तर डॉल्फिन दिसायचे नाहीत," जीपवाला ओरडला.

मावशी हलली नाही. छत्री उघडून ती वाळूतच मांडी ठोकून बसली. तिच्या पाठीशी खळग्यात टिटवीची चार अंडी होती, खड्यांत खडे मिसळावेत तशी ठिपकेदार. खाली समुद्र, वर केवड्याचं बन. जीपला वाट तेवढीच. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती.

"सुट्टीला आलोय ना आपण?" जीपमधून भाचेसून म्हणाली. "आणि टिटवीचं ओरडणं अशुभ असतं. उठा, मावशी."

गेल्या माघात भाचीच्या लग्नात मावशीने हळद लावायला हात पुढे केला, तेव्हा हिनेच वाटी हळूच मागे ओढली होती. विधवेचा हात अशुभ म्हणून. मावशी मुकाट उठून मागच्या खोलीत जाऊन बसली होती.

"मला अशुभ ठरवलंस, तेव्हा एकदा उठले गं," मावशी म्हणाली. "आज नाही उठणार. घाला जीप अंगावर."

भाचेसुनेची मान खाली गेली. जीपवाल्याने कपाळाला हात लावला आणि जीप मागे घेतली. डॉल्फिन राहिले ते राहिलेच.

टिटवीला त्याचं काय! ती आता मावशीच्याच छत्रीवर झेपावू लागली. अंडी उन्हात उघडी होती ना, आणि मावशी जवळ असेतो तिला त्यांवर बसता येईना.

मावशीने छत्री मिटली, गुडघ्यावर हात टेकला.

"उठते हो बाई," ती हसून म्हणाली. "तू म्हणतेस म्हणून उठते."