लाल खड्याची अंगठी

काचेच्या टाकीतले समुद्रघोडे नवऱ्याचे, फिक्रींचे, पण त्यांना भरवायचं इन्शिराहनं. मेलेला जवळा ते सहजी तोंडात घेत नाहीत. एकेक उचलून नाकासमोर हलवत बसावं लागतं, तेही रोज तीनदा. माहेरी, मर्सा मत्रूहला, तिची आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा फिक्री तिला मुलाच्या नावानं हाक मारत म्हणाले होते, "मुके जीव उपाशी टाकून कुठं निघालीस, उम्म रऊफ?"

इन्शिराह राहिली. आईचं तोंड दिसलं नाही ते नाहीच.

यंदा धाकट्या बहिणीनं, सुआदनं विचारलं, "उन्हाळा माझ्याकडे काढतेस का गं?" त्या दिवसापासून इन्शिराहनं एक नेम धरला. घरी आले की फिक्री आपली लाल खड्याची अंगठी काढून बशीत ठेवत. ती बोटात घातल्याशिवाय तिनं समुद्रघोड्यांना घासही दिला नाही. हळूहळू ते त्या लाल खड्यामागं धावायला शिकले आणि मोकळ्या हाताकडे बघेनासे झाले.

ईदला घर पाहुण्यांनी भरलं. फिक्रींनी पाहुण्यांसाठी बोटातच ठेवलेल्या अंगठीचा हात ऐटीत पाण्यात घातला, तसे सगळे समुद्रघोडे शेपटीची पकड सोडून त्यांच्या बोटांशी आले.

"बघा, धनी ओळखला शेवटी!" फिक्री म्हणाले. "माझ्या बायकोच्या हाताला आता शिवतही नाहीत."

इन्शिराहनं दाराआडची बॅग उचलली.



"मी सुआदकडे निघाले, अबू रऊफ. तुम्ही मात्र मुके जीव उपाशी टाकून कुठं जाऊ नका."