ऐंशी डबे

मेजर हॅलोरननी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि विचारलं, “मिसेस दळवी, ही चिठ्ठी तुमच्याशिवाय आणखी कोण बघतं?”

उल्कानं हात एप्रनला पुसले. चिठ्ठीवर एकच ओळ होती : उद्या पहाटेसाठी ऐंशी डबे.

“किचनमधले सगळेच बघतात, सर. ती भिंतीवर टाचलेली असते.”

“बाहेर कोणाशी बोललात?”

“नाही, सर.”

मेजर तिच्याकडे बघत राहिले. उंच, करड्या केसांचा, कधी न हसणारा माणूस. अख्ख्या बेसची सुरक्षा त्यांच्याकडे होती. मग चिठ्ठी खिशात घालून ते निघून गेले. उल्का धडधडीत खोटं बोलली होती.

इंग्लंडमधल्या रीडिंगपासून बसनं पाऊण तासावर हा अमेरिकन बेस होता. १९८४ साली नवऱ्याची, श्रीनिवासची नोकरी गेली आणि उल्का इथल्या किचनमध्ये लागली. पास दाखवायचा, पिशवी तपासून घ्यायची, चारशे जणांची अंडी करायची. वीस वर्षांची दांडगी पोरं ट्रे पुढे करून “थँक यू, मॅम” म्हणायची. चिपळूणच्या घरी तिच्याशी कोणी एवढ्या अदबीनं बोललं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तिनं ते पाहिलं. गवतानं झाकलेल्या टेकडीचं पोलादी दार सरकलं आणि आतून एक गाडी बाहेर आली. घराएवढी, हिरवी, जवळजवळ आवाज न करणारी. पाठीवर चार क्षेपणास्त्रं.

“यातलं एक एका शहराला पुरतं, मॅम,” शेजारचा आचारी हळूच म्हणाला.

उल्का हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. खवळलेला समुद्र बघताना वाटते तशी भीती वाटत होती, आणि नजर मात्र हलत नव्हती. माणसांनी, आपल्यासारख्याच दोन हातांच्या माणसांनी, हे बनवलं होतं. त्या संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीबाहेरची घरं मोजत बसली.

गेटाबाहेर या क्षेपणास्त्रांना विरोध करणाऱ्या बायकांचा तळ होता. प्लॅस्टिकच्या चादरींचे तंबू. कौन्सिलची माणसं येऊन ते पाडायची, दुपारपर्यंत ते पुन्हा उभे राहायचे. त्यांतल्या जोन एकाहत्तर वर्षांच्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. चिखलात खुर्ची टाकून रोज म्हणायच्या, “गुड मॉर्निंग, डिअर.”

एकदा उल्का त्यांच्याशी सहज बोलून गेली, “आज घरी जायला उशीर होणार. ऐंशी डबे भरायचेत.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते डबे घेऊन त्या गाड्यांचा ताफा सरावासाठी बाहेर पडला, तेव्हा चौकाचौकात बायका उभ्या होत्या. जोन तर थेट रस्त्याच्या मधोमध, हात पसरून. घराएवढी गाडी त्यांच्यापासून चार पावलांवर थांबली. हे ऐकून उल्काच्या अंगावर काटा आला. जी वस्तू बघून आपली वाचा बसली, तिला एका म्हातारीनं थांबवलं!

पुढच्या वेळी ती ठरवून बोलली. मग दरवेळी.

“अगं, तू ऑफिशियल सीक्रेट्सच्या कायद्यावर सही केलीयस,” श्रीनिवास घाबरला. “पकडली गेलीस तर डायरेक्ट जेल!”

“अहो, मी फक्त डब्यांचं बोलते.”

आणि आता मेजर विचारून गेले होते.

नोकरी जाईल असं तिला वाटलं. गेली नाही. वाहतूक ऑफिसची कुलपं बदलली, फोन तपासले गेले, कारकुनांच्या तासन्‌तास चौकशा झाल्या. किचनकडे कोणी फिरकलं नाही. उल्का मात्र धसकली. दोन महिने ती जोनपुढून मान खाली घालून गेली, चकार शब्द बोलली नाही. तरी बायका रस्त्यावर होत्याच. माझा चेहरा बघूनच ओळखत असतील, असं तिला वाटलं. मग लपवण्यात काय अर्थ? ती पुन्हा बोलू लागली.

अशीच वर्षं गेली. क्षेपणास्त्रं हटवायचे करार झाले. १९९१च्या मार्चमध्ये शेवटची क्षेपणास्त्रं विमानात चढली. उल्का किचनच्या दारातून बघत होती. विमान ढगात शिरलं आणि मागे नुसतं आभाळ उरलं, एवढं मोठं की तिला आपण पहिल्यांदाच बघतोय असं वाटलं.

दुपारी मेजर निरोप घ्यायला आले. एकेकाशी हात मिळवत तिच्यापाशी थांबले.

“डबे चांगले असायचे, मिसेस दळवी.”

“थँक यू, सर.” तिला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

गेटाबाहेर जोन तंबूच्या काठ्या बांधत होत्या. उल्का त्यांच्याजवळ बसली.

“जोन, आज फार लाज वाटली मला. तो माणूस सरळ होता. इतकी वर्षं मी त्याला फसवलं.”

जोन थांबल्या. “डिअर, तू आम्हाला दिवस सांगायचीस. पण ताफा कुठल्या रस्त्यानं जाणार, ते आम्हाला कसं कळायचं, असा विचार कधी केलास?”

उल्कानं कधीच केला नव्हता. बेसमधून निघणारे रस्ते डझनभर होते.

“चर्चजवळच्या फोनबॉक्सवर फोन यायचा. बोलणारा अमेरिकन होता. रस्त्याचं नाव सांगायचा, स्वतःचं कधीच नाही.”

“मग?”

“आणि फोन ठेवायच्या आधी दरवेळी बजावायचा, ‘किचनमधल्या मिसेस दळवींचं नाव तुमच्याकडून कुठे जाऊ देऊ नका. इथलं मी बघतोय.’”